कात्रज बोगदा ते नवले पूल: ड्रायव्हर म्हणतो ब्रेक लागले नाहीत, मेकॅनिक म्हणतो ब्रेक उत्तम आहेत. खरं कोण?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा दोन ॲक्सलचा, भरल्यावर १६ टन होणारा ट्रक कोल्हापूरहून, शिरोली एमआयडीसीतून, कास्टिंग भरून चाकणला निघाला होता. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार लागला आणि स्वामिनारायण मंदिराच्या आसपास ब्रेक लागेनासे झाले. ड्रायव्हरने गाडी डावीकडे घेतली आणि कठड्याला घासत थांबवली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. दोन-तीन तासांनी मेकॅनिक आला. त्याने हवा भरून ब्रेक दाबून पाहिले तर सगळं जागच्या जागी. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासून गाडी थांबवणारा थर, अर्ध्याहून जास्त शिल्लक, हवेची गळती नाही, एबीएसचा दिवाही पेटलेला नाही. आता मेकॅनिक म्हणतो ड्रायव्हर काहीतरी लपवतोय, ड्रायव्हर शपथेवर सांगतो की पेडल पूर्ण दाबूनही गाडी आवरत नव्हती. तुम्ही विचारताय: विश्वास कुणावर ठेवायचा, ड्रायव्हरला काढायचं का, आणि नवीन ब्रेक किंवा रिटार्डर (पायाच्या ब्रेकशिवाय गाडीचा वेग आवरणारं जादा यंत्र) यांवर पैसे घालायचे का.

मी पुण्यात ब्रेक आणि वाहन गतिकीच्या चाचण्यांचं काम करतो. गाडीला सेन्सर लावून ती घाटात उतरवायची आणि कोणत्या चाकाने किती काम केलं हे मोजायचं, हा माझा रोजचा उद्योग. त्यावरून सांगतो, दोघंही बहुधा खरं बोलताहेत. मेकॅनिकने तपासले ते थंड ब्रेक होते. ड्रायव्हरच्या पायाखाली होते ते तापलेले ब्रेक. दोन-तीन तासांत ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं, निवतो आणि लायनरची पकड बऱ्यापैकी परत येते, त्यामुळे पुरावा जागेवरून निघून गेलेला असतो. तुमचा खरा प्रश्न ‘ब्रेक चांगले आहेत का’ हा नाही. ‘या वजनाला, या उतारावर, या वेगाला आणि या गिअरमध्ये ते किती वेळ चांगले राहतात’ हा आहे.

मी तुमची गाडी पाहिलेली नाही, तेव्हा काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. बोगद्याच्या तोंडाशी वेग किती होता, गिअर कोणता होता, काट्यावर वजन खरंच १६ टन भरलं की वर दोन-चार टन जास्त होतं, लायनर कोणत्या प्रतीचे आहेत, चारही चाकांचं ब्रेक सेटिंग (लायनर आणि ड्रममधलं अंतर) सारखं आहे का, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू आहे का. यातलं एकेक उत्तर बदललं की निदानही बदलतं. पण मूळ हिशोब सगळ्या गाड्यांना एकच आहे, तो आधी बघू.

उतार सोयीसाठी ४ टक्के धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर चार मीटर खाली, आणि लांबी ५ किलोमीटर. गाडी एकूण २०० मीटर खाली उतरली. १६ टन वजन २०० मीटर खाली येताना सुमारे ३१ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही कुठेतरी जिरवावीच लागते. ताशी ६० ने जाणारा हाच ट्रक सपाटीवर एकदा पूर्ण थांबवायला साधारण २.२ मेगाज्यूल लागतात. म्हणजे हा उतार उतरणं हे ६० च्या वेगावरून लागोपाठ चौदा वेळा कचकन थांबण्याइतकं काम आहे. टायरचं लोळण आणि हवेचा विरोध त्यातला पाव हिस्सा, फार तर थोडा जास्त, खातात. उरलेले बावीस-तेवीस मेगाज्यूल इंजिनाने आणि ब्रेकने वाटून घ्यायचे. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही तर सगळे ब्रेकच्या डोक्यावर.

अशा ट्रकच्या चार ड्रमचं मिळून वजन दोनशे किलोच्या आत-बाहेर असतं. बीडाच्या त्या लोखंडात बावीस-तेवीस मेगाज्यूल ओतले की ड्रमचं सरासरी तापमान दोन-सव्वादोनशे अंशांनी चढतं. वाटेत थोडी उष्णता वाऱ्यावर जाते हे खरं, पण ड्रमची आतली बाजू, जिथे लायनर घासतो, ती सरासरीपेक्षा बरीच जास्त तापते. साध्या प्रतीच्या लायनरची पकड अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे घसरू लागते. आणि मुळात चारही चाकं सारखं काम करतात हे आपण गृहीत धरलंय. प्रत्यक्षात ती करत नाहीत. तिथेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दडलेलं असेल, असा माझा अंदाज आहे.

मोजणी कशी करतो ते सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. लायनरला मागून बारीक भोक पाडून त्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा बारीक सेन्सर, बसवतो. त्याचं टोक घासणाऱ्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ, मिलिमीटरभर आत राहतं. प्रत्येक चाकाला एक. शिवाय प्रत्येक ब्रेक चेंबरला (हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याला) हवेच्या दाबाचा सेन्सर, आणि केबिनमध्ये वेग व मंदन, म्हणजे वेग किती झपाट्याने उतरतो ते, नोंदणारं यंत्र. गाडी उतारावर सोडली की पडद्यावर चार रेषा वर चढू लागतात. चांगल्या सेटिंगच्या गाडीत त्या जवळजवळ एकत्र चढतात. वापरातल्या गाड्यांमध्ये मात्र अनेकदा असं दिसतं की मागच्या ॲक्सलची एक रेषा तीनशे ओलांडून गेली आहे आणि तिच्याच जोडीदाराची शंभरच्या आसपास रेंगाळते आहे. दाब दोन्हीकडे सारखा. म्हणजे हवा पोहोचतेय, पण त्या चाकाचे शूज, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, ड्रमला नीट टेकतच नाहीत. सपाटीवर शहरात चालवताना हे कळत नाही, कारण उरलेली तीन चाकं निभावून नेतात. लांब उतारावर मात्र त्या तिघांना चौघांचं काम करावं लागतं आणि एकामागून एक तीही थकतात.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. लोखंड तापलं की फुगतं. ४१० मिलिमीटरचा ड्रम अडीचशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास मिलिमीटरभराने वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एस-कॅमच्या, म्हणजे एस आकाराचा तुकडा फिरून शूज बाहेर ढकलणाऱ्या, ब्रेकमध्ये शूजला अर्धा मिलिमीटर जास्त सरकवायचं तर चेंबरच्या पुशरॉडला (ढकलदांड्याला) सहा-सात मिलिमीटर जास्त बाहेर यावं लागतं. ज्या चाकाचं सेटिंग आधीच ढिलं आहे तिथे पुशरॉड आपल्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेला असतो. हे सहा-सात मिलिमीटर त्याच्याकडे उरलेलेच नसतात. पेडल खालपर्यंत जातं, घड्याळात हवेचा दाब पूर्ण दिसतो, आणि शू ड्रमवर जेमतेम टेकतो. ‘दाबूनही आवरत नव्हती’ हे तुमच्या ड्रायव्हरचं वाक्य याच्याशी तंतोतंत जुळतं. मेकॅनिकने तपासलं तेव्हा ड्रम पुन्हा आक्रसला होता, पुशरॉड पुन्हा मर्यादेत आला होता, त्यामुळे त्याला काही सापडलं नाही. (तुमच्या ताफ्यात हायड्रॉलिक ब्रेकचे छोटे टेम्पो असतील तर तिथे वेगळा धोका आहे. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओलावा मुरतो, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि उष्णतेने त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल स्पंजासारखं होतं. डॉट ३ ऑइल कोरडं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, ओलावा शोषल्यावर १४० च्या आसपासही उकळू शकतं. ते ठरावीक मुदतीने बदलणं हाच उपाय.)

आता नियम काय सांगतो ते बघा, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. युरोपच्या आर १३ नियमावलीत अवजड वाहनांसाठी उताराची चाचणी आहे आणि आपल्याकडचं आयएस ११८५२ हे मानक त्याच धर्तीचं आहे. पूर्ण भरलेली गाडी ६ टक्के उतारावर ताशी ३० च्या सरासरी वेगाने ६ किलोमीटर उतरली असं धरून तेवढी उष्णता ब्रेकमध्ये घालायची आणि लगेच ब्रेक मोजायचे. थंड असताना मालवाहू गाडीने प्रतिसेकंद प्रतिसेकंद किमान ५ मीटरचं मंदन द्यावं लागतं. उतारानंतर तुमच्या ट्रकच्या वर्गाला ३.३ चालतं. म्हणजे नवी कोरी, नियमात बसणारी गाडीसुद्धा घाट उतरल्यावर एक तृतीयांश ब्रेक गमावू शकते, हे नियमानेच मान्य केलेलं आहे. आणि ही चाचणी योग्य गिअरमध्ये, इंजिनाचा अटकाव धरून, ताशी ३० ला होते. न्यूट्रलमध्ये ६० ला उतरणारा ट्रक गृहीत धरून कुठल्याच कारखान्याने ब्रेक बनवलेले नाहीत.

अंतरात सांगायचं तर असं: ४ टक्के उतारावर ताशी ६० च्या वेगाला थंड ब्रेकने गाडी सुमारे ३० मीटरमध्ये थांबते. नियमात बसणाऱ्या तापलेल्या ब्रेकने पन्नासच्या जवळपास. आणि ब्रेक आणखी थकून मंदन दीडवर आलं असेल तर सव्वाशे मीटर. यात ड्रायव्हरला समोरचं दिसून पाय पेडलवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. नवले पुलाशी सकाळ-संध्याकाळ ज्या रांगा लागतात, त्या रांगेच्या शेवटच्या मोटारीपासून सव्वाशे मीटर मोकळे कोणाला मिळतात?

एबीएसचा दिवा पेटला नव्हता, त्याबद्दलही सांगतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होत नाही आणि स्टिअरिंग हातात राहतं. ते अत्यंत मोलाचं आहे. पण त्याने ब्रेकची उष्णता सोसायची ताकद तसूभरही वाढत नाही. तापलेल्या ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतका जोरच उरलेला नसतो, त्यामुळे एबीएसला करण्यासारखं काही राहत नाही आणि दिवाही पेटत नाही. त्याच्या नजरेत सगळं सुरळीत असतं.

आता गिअरकडे येऊ, कारण माझ्या मते सगळं इथेच ठरतं. कोल्हापूर-साताऱ्याकडून येताना शिंदेवाडीपासून बोगद्यापर्यंत चढ आहे. भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत वर येतो. बोगदा संपतो, समोर शहर दिसतं, गाडी आपोआप पळू लागते. ड्रायव्हर मोठा श्वास सोडून वरचा गिअर टाकतो किंवा सरळ न्यूट्रल करतो. ब्रेक या क्षणी पूर्ण थंड असतात, पेडलला पाय लावताच गाडी ऐकते, त्यामुळे कुठलीच शंका येत नाही. पण ४ टक्के उतारावर न्यूट्रलमधला भरलेला ट्रक ३० च्या वेगापासून मिनिटभरात ८० च्या घरात जातो. मग पाय ब्रेकवर जातो आणि तिथेच राहतो. स्वामिनारायण मंदिरापर्यंत येताना जे व्हायचं ते ड्रमच्या आत होऊन गेलेलं असतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने पुढच्या कित्येक गाड्यांना एकामागोमाग उडवलं, ते पुणेकर विसरलेले नाहीत.

वेगाचा परिणाम आकड्यांत दाखवतो. वरच्याच उदाहरणात वेग वाढू न देता उतरायचं तर ताशी ६० ला सुमारे ७० किलोवॅट अडवावे लागतात, ४० ला त्रेपन्नच्या आसपास आणि ३० ला चाळीसच्या आसपास. इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक मिळून ३५ किलोवॅट अडवतात असं समजू. खरा आकडा इंजिनावर आणि ते किती फेऱ्यांवर फिरतंय यावर अवलंबून आहे. मग पायाच्या ब्रेकवर उरतात ६० ला ३५, ४० ला १८ आणि ३० ला फक्त पाच-सहा किलोवॅट. वेग निम्मा केला की पायाच्या ब्रेकचं काम निम्मं होत नाही, सहाव्या हिश्शावर येतं. न्यूट्रलमध्ये मात्र ६० ला अख्खे ७० त्याच्यावरच. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की वेग आणि गिअर बोगद्याच्या आतच ठरवा. ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरमध्ये, फार तर एक गिअर वर, उतरा. एकदा गाडी ७० ला पोहोचली की खालचा गिअर पडत नाही. घ्यायला गेलं की गिअर निघतो, दुसरा बसत नाही, आणि गाडी नको तेव्हा न्यूट्रलमध्ये अडकते.

न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समज फार घट्ट बसलेला आहे. आजच्या बीएस ४, बीएस ६ इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल टाकणंच थांबवतात. चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे ज्या उतारावर गाडी स्वतः पळते तिथे गिअरमध्ये डिझेल जळतं शून्य आणि न्यूट्रलमध्ये त्याहून जास्त. आणि कुणी इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकच्या टाकीत नवी हवा येत नाही, पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं. हे तर कुठल्याही परिस्थितीत नको.

गिअर नीट असूनही मध्ये मध्ये पायाचा ब्रेक लागतोच. तो सतत हलका टेकवून ठेवू नका. ठरवलेल्या वेगाला गाडी पोहोचली की ठामपणे दाबा, वेग ताशी आठ-दहाने उतरला की पूर्ण सोडा, पुन्हा चढला की पुन्हा दाबा. अनेकांना वाटतं, सोडलेल्या वेळात ब्रेक थंड होतात म्हणून ही पद्धत चांगली. खरं तर एकूण उष्णता दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखीच असते. फरक वाटपात आहे. हलक्या दाबाला काही चाकांचे शूज हलतच नाहीत, दोन-तीन चाकंच घासत राहतात. जोरात दाबलं की चारही कामाला लागतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डोंगर उतारावर हेच तपासलं होतं, आणि आमच्या मोजण्यांतही तेच दिसतं.

इथवरचं दोन ओळीत: तुमच्या ड्रायव्हरला ब्रेक मिळाले नाहीत हे शक्य आहे, पण ते का मिळाले नाहीत याची दोन कारणं संभवतात. एक, गाडी वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये वेगाने उतरली. दोन, एखाद-दुसरं चाक आधीपासूनच काम करत नव्हतं. बहुतेक वेळा दोन्ही थोडी थोडी असतात.

कोणतं किती, हे शोधता येतं. चारही ड्रम उघडा. लायनर खूप तापला असेल तर त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत होतो. ड्रमच्या आत निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा दिसतात. चारही ड्रमवर हे सारखं दिसलं तर दोष मुख्यतः उतरण्याच्या पद्धतीचा किंवा जादा वजनाचा. एक-दोनच ड्रम जळालेले आणि बाकीचे स्वच्छ असतील तर स्वच्छ चाकांकडे संशयाने बघा. काम चुकवणारी तीच आहेत, जळालेल्यांनी त्यांचं ओझं वाहिलंय. गॅरेजमध्ये नेहमी उलटं होतं. जळालेल्या चाकाचे लायनर बदलतात, थंड चाकाला हात लावत नाहीत, आणि पुढच्या घाटात तेच घडतं.

ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर (झिजेप्रमाणे ब्रेकचं सेटिंग आपोआप जुळवणारा भाग) असेल तर त्याला दर वेळी पाना लावून घट्ट करू देऊ नका. तो स्वतः सेट होत नसेल तर बुश, क्लेव्हिस पिन, कॅमशाफ्ट यांत झीज आहे किंवा ॲडजस्टरच गेलाय. पाना फिरवून ते झाकलं जातं, दुरुस्त होत नाही. आणि लायनर बदलताना एका ॲक्सलला दोन्हीकडे एकाच कंपनीचे, एकाच ग्रेडचे घ्या.

मग एक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. बाजारात सहज मिळतो आणि एका लायनर सेटपेक्षा बराच स्वस्त पडतो. भरलेली गाडी योग्य गिअरमध्ये सावकाश उतरवा, नवले पुलाच्या पुढे सपाट, सुरक्षित जागी, रस्त्यापासून बाजूला थांबवा, चाकांना उटी (चाक अडवणारा दगड किंवा ठोकळा) लावा आणि पाच मिनिटांच्या आत चारही ड्रमची बाहेरची बाजू मोजून वहीत लिहा. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या ड्रममध्ये पन्नास-साठ अंशांहून जास्त फरक आला तर थंड बाजू उघडायची. तापलेल्या ड्रमवर पाणी मारायची सवय काही जणांना असते, ती मोडा. त्याने ड्रम तडकतो. फिटनेसच्या वेळी रोलरवर जी ब्रेक चाचणी होते ती थंड ब्रेकची आणि कमी वेगाची असते, तेव्हा तिच्यात पास झाली म्हणून घाटाची खात्री देता येत नाही.

आणि तरीही एखाद्या वेळी ब्रेक सुटलेच, तर काय? हवेच्या ब्रेकवर पाय भराभर मारू नका, टाकी रिकामी होते. एकदाच ठाम दाबून धरा. एक्झॉस्ट ब्रेक चालू, हॉर्न आणि दिवे चालू, गाडी गिअरमध्ये असेल तर ती गिअरमधून काढायची नाही. पार्किंग ब्रेकचा दांडा थोडा थोडा ओढा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका, कारण तोही मागच्या त्याच तापलेल्या ड्रमवर काम करतो. आणि वेग हाताबाहेर जायच्या आत डावा कठडा घासत गाडी थांबवा. तुमच्या ड्रायव्हरने नेमकं हेच केलं. पुढच्या गाड्यांवर जायच्या ऐवजी कठडा निवडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकून हा उतार सुरक्षित होणार नाही, हेही स्पष्ट लिहितो. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅकस्पॉट. पण ब्रेक सुटण्याची गोष्ट ज्या ५०० मीटरमध्ये धडक होते तिथे सुरू होत नाही. ती काही किलोमीटर वर सुरू होते. म्हणून कॅमेरे, वेगमर्यादेचे फलक आणि ‘खालचा गिअर टाका’ ही सूचना बोगद्याच्या तोंडाशी हवी. ब्रेक गेलेली गाडी घुसवून थांबवायची वाळू-खडीची निसटमार्गिका उताराच्या मधल्या भागात हवी, जिथे ब्रेक गेल्याचं ड्रायव्हरला नुकतंच कळलेलं असतं. आणि उताराच्या तळाशी वाहनांची रांग साचणार नाही, अशी व्यवस्था हवी. या मार्गाने रोज मोटारीने जाणाऱ्यांनाही विनंती आहे. उतारावर ट्रकच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका, आणि तळाशी रांगेत थांबताना पुढच्या गाडीपासून एक गाडीभर जागा सोडून आरशात लक्ष ठेवा.

आता खर्चाचं. नवीन ब्रेक किट सध्या घेऊ नका. आधी ड्रम उघडा, चारही चाकं सारखी काम करतात का बघा, जिथे दोष सापडेल तिथेच पैसे घाला. एक्झॉस्ट ब्रेक तपासा. कित्येक गाड्यांत तो असतो, पण स्विच तुटलेला किंवा फ्लॅप काजळीने अडकलेला असतो आणि कुणी दुरुस्त करत नाही, कारण त्याच्याशिवाय गाडी चालते. रिटार्डर ही उत्तम गोष्ट आहे आणि रोज घाट करणाऱ्या बसला किंवा मोठ्या ट्रेलरला मी तो आवर्जून सुचवतो. पण १६ टनी गाडीला तो बाहेरून बसवायचा तर ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग आणि परवानगी हे सगळं सांभाळावं लागतं. या मार्गावर ३० च्या वेगाला इंजिनच बहुतेक भार उचलतं, त्यामुळे तुमच्यासाठी मी त्याची घाई करणार नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती तपासून बघा. फेरीमागे डिझेल ठरवून दिलंय आणि उरलेलं ड्रायव्हरचं, असा हिशोब आहे का? चाकणला गाडी उशिरा पोहोचली तर भाड्यातून कापतात का? तसं असेल तर ड्रायव्हरला कितीही समजावलं तरी न्यूट्रल सुटणार नाही. आधी तो हिशोब बदला. आणि ड्रायव्हरला कामावरून काढू नका. ड्रम उघडाल तेव्हा त्यांना आणि मेकॅनिकला दोघांनाही समोर उभं करा, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती हे आवाज न चढवता विचारा, आणि जळालेल्या व स्वच्छ लायनरचे फोटो इथे टाका. ते बघून पुढचं नेमकं सांगता येईल.